अक्का काय म्हणाल्या

'लोकसहभाग' हा शब्द कुणी माझ्यासमोर उच्चारला की माझ्या कपाळावर आठी पडते. नोकरीतून निवृत्त झाले तरी पडते. परवा एका शिबिरात एक तरुण डॉक्टर मुलगी मोठ्या उत्साहाने सांगत होती, की आजारी माणसाला संशोधनात बरोबरीने घ्यायला हवं, काय विचारायचं हे त्याच्याजवळ बसून ठरवायला हवं. बरोबरच बोलत होती बिचारी. मी मात्र मागच्या रांगेत घामाघूम. शेजारच्या बाईंनी विचारलं, पंखा वाढवू का? म्हटलं, वाढवा.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी तेवीस वर्षांची, समाजकार्याची पदवी ताजी ताजी, राहायला धुळ्याच्या देवपुरात आणि डोक्यात ही एवढी हवा. धुळ्यात एका संशोधन प्रकल्पावर मला नोकरी लागली, एकेका वर्षाची ऑर्डर मिळणारी. विषय असा, की जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बायांच्या छातीवर कापसाच्या धुळीचा काय परिणाम होतो. जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो तो होळीपर्यंत धडधडत असतो. आम्ही धरलेली जीन दोंडाईच्याची होती, स्टेशनपासून चालत जाण्याएवढी.

आत पहिल्यांदा पाय टाकला तेव्हा मला समोरचं माणूस धड दिसेना. हवेत नुसती रुई. बाया यंत्रांच्या रांगेत उभ्या राहून कापूस टाकत होत्या, नाकातोंडावर पदर बांधलेले, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. पाच मिनिटांत मला शिंकांवर शिंका. बाया खो खो हसायला लागल्या. त्यातली एक पन्नाशीची काटक बाई यंत्र सोडून आली, माझ्या हातातला रुमाल ओढून घेतला आणि माझ्या नाकावर बांधून दिला. "आते श्वास घे," म्हणाली, "आनि शिकेल बाईगत उभी नको राहू, चाल बाहेर." त्या अक्का. अख्खी जीन त्यांना अक्का म्हणायची, शेठसुद्धा.

आमचे सर पुण्याचे डॉक्टर. भला माणूस. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तुम्हाला वाटेल की मी सगळं त्यांच्या गळ्यात मारणार. सर नुकतेच कुठल्याशा परिषदेला जाऊन आले होते आणि तिथून हा लोकसहभाग घेऊन आले होते. ज्यांच्यावर अभ्यास करायचा त्यांच्यातलं एक माणूस सल्लागार समितीवर हवं. मला म्हणाले, एखादी बोलणारी बाई बघ. मी अक्कांचं नाव दिलं. कागदावर 'कामगार प्रतिनिधी' असं टाइप झालं, गटाचा फोटो निघाला, अक्का मधोमध उभ्या. झाला सहभाग!

पण खरं सांगायचं तर अक्का नसत्या तर आमचा अभ्यास पहिल्याच दिवशी आटोपला असता. श्वासाचा जोर मोजायचं एक यंत्र आमच्याजवळ होतं. नळी तोंडात धरून जोरात फुंकायचं, काटा सरकतो, आकडा लिहून घ्यायचा. बायांनी त्याचं नाव ठेवलं फुंकणी, आणि कुणी हात लावायला तयार होईना. कारण कुणीतरी उठवून दिलं होतं, की जिचा काटा कमी सरकेल तिला शेठ घरी बसवणार. अक्का पुढे आल्या, फुंकणी घेतली, फुंकली, आणि मागे वळून म्हणाल्या, "मी सांगस ना, ही पोर आपली शे. शिंदखेड्याकडची शे. फुंका बठ्ठ्या." बठ्ठ्यांनी, म्हणजे सगळ्यांनी, फुंकली. माझी आई शिंदखेडा तालुक्यातली, एवढं मी त्यांना सांगितलं होतं, त्याचा त्यांनी हा उपयोग केला.

मला तेव्हा त्याचं कौतुक नाही, लाजच वाटली. घरी आम्ही अहिराणी बोलायचो, पण देवपूरच्या शाळेत बाईंनी "शे काय शे? आहे म्हण!" करून करून माझ्या जिभेवरून ती पार खरवडून काढली होती. सरांसमोर कुणी माझ्याशी तसं बोललं की मी मुद्दाम शुद्धात उत्तर द्यायचे. अक्कांच्या ते लक्षात आलं होतं. चिडवायच्या मला, "पुनानी व्हई गयी का वं?" पुण्याची म्हटलं की मी हसण्यावारी न्यायचे.

एकदा दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघी सरकीच्या पोत्यांवर बसलो होतो. त्या म्हणाल्या, तू काय काय पुसतेस ते मला सगळं वाचून दाखव. मी फॉर्म वाचला. खोकला येतो का, कधीपासून येतो, कफ पडतो का, चालताना दम लागतो का. अक्का भाकरी खाता खाता ऐकत होत्या. सगळं संपल्यावर म्हणाल्या, "आनि कोन्ता दिनले येस, हाई कोठे शे?"

मला वाटलं थट्टा करतायत. खोकला काय दिवस बघून येतो? तर अक्कांनी मला जे सांगितलं ते आज मला तोंडपाठ आहे. बाजाराच्या दिवशी जीन बंद असायची. बाया डोक्यावरून न्हायच्या, बाजार करायच्या, संध्याकाळपर्यंत छाती मोकळी व्हायची. दुसऱ्या दिवशी कामावर आल्या की दुपारनंतर छाती आवळायची, रात्रभर झोप नाही. मग हळूहळू कमी होत जाऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं. पुढचा बाजार आला की पुन्हा तेच. बाया म्हणायच्या, बाजारातली भजी बाधतात. अक्कांना ते पटेना. म्हणून त्यांनी काय केलं, तर लागोपाठ चार बाजार भज्यांना शिवल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी छाती आवळलीच. मग त्यांनी आपल्या मुलीला चार बाजार भजी खाऊ घातली, ती तेव्हा जीनमध्ये लागलेली नव्हती. तिला काही झालं नाही. "आनि एक साल पट्टा तुटना," त्या म्हणाल्या, "पंधरा दिन जीन बंद. परत सुरू व्हयनी त्या दिनले बठ्ठ्या बाया आडव्या. भजी कोनी खाई व्हती?"

आज मला कळतं की ती बाई भाकरी खाता खाता मला एक उत्तम संशोधन सांगत होती, आमच्या सगळ्या फायलींपेक्षा चोख. तेव्हा मी "हो का अक्का!" म्हटलं आणि डायरीत दोन ओळी लिहिल्या.

"तू लिखस ते बठ्ठं खरं शे," त्या म्हणाल्या, "पन तू येस तो दिन खोटा शे."

कारण आम्ही जायचो तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी. तो दिवस शेठनी दिलेला. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आवारात कापसाच्या गाड्यांची रांग असायची, बाया यंत्रावरून हलवणं त्यांना परवडायचं नाही. सरांनाही त्यात वावगं दिसलं नाही. आम्हाला काय, सगळे दिवस सारखे.

आता यात अक्कांचं काय अडलं होतं ते सांगते. त्याच हंगामात त्यांची मुलगी, असेल सतरा-अठराची, शेजारच्या यंत्रावर लागली होती. बाहेरच्या उघड्या शेडमध्ये कापूस निवडायचं काम असे, तिथे वारा खेळता, धूळ कमी. अक्कांनी शेठकडे मागणं घातलं होतं, की ज्यांची छाती भरते त्यांना आणि नव्या पोरींना बाहेर बसवा. शेठ म्हणाले होते, उद्या सगळ्याच म्हणतील छाती भरते. डॉक्टरांनी लिहून दिलं तर करतो. शेठ शब्दाचे पक्के होते असं अक्कांचं म्हणणं. म्हणून आम्ही आल्याचा त्यांना केवढा आनंद. "मनं व्हई गयं," छातीवर हात ठेवून म्हणायच्या, माझं काय व्हायचं ते होऊन गेलं, "पोरले बाहेर काढनं शे."

मी सांगेन सरांना, असं मी म्हटलं. आणि सांगणार होते, खरंच सांगणार होते. पण दिवस चुकला म्हणजे काय? म्हणजे तोवर भरलेले सगळे फॉर्म रद्दी. मीच भरलेले. हंगाम अर्धा सरला होता. सर चिडतील, मला म्हणतील हे आधी का नाही विचारलंस. आज नको, उद्या सांगू, जीपमध्ये सांगू, जेवताना सांगू, असं करत करत मी मूग गिळून बसले.

मग ती बैठक आली. धुळ्यात, एका हॉलमध्ये, पांढरं कापड घातलेली टेबलं, पुण्या-मुंबईचे चार पाहुणे. प्रकल्प पुढच्या वर्षी चालवायचा की नाही हे ते ठरवणार होते, म्हणजे माझी ऑर्डरही. मी सकाळी जीपने दोंडाईच्याला जाऊन अक्कांना घेऊन आले. ठेवणीतलं लुगडं नेसून तयारच बसल्या होत्या. वाटेत तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "पाठ करी राहिनू माय. मोठा लोकस्मा चुकाले नको."

सर बोलले, तक्ते दाखवले. चहा झाला. मग एक पाहुणे म्हणाले, आपल्या कामगार भगिनींना काही सांगायचंय का? अक्का उभ्या राहिल्या. पदर सारखा केला आणि न अडखळता म्हणाल्या, "तुम्ही ज्या दिन येतस त्या दिनले आमनी छाती मोकळी राहस. बाजारना दुसरा दिन या. त्या दिन फुंकाले लावा, मंग तुम्हले समजी. आनि ज्यास्नी छाती भरस त्यास्ले बाहेरना शेडमा बसाडा, असं लिखी द्या. नव्या पोरीस्ले बी."

घाईघाईने, एका दमात बोलल्या. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, हसले, कौतुकाने. सर माझ्याकडे वळले. "काय म्हणतायत गं बाई? सांग सगळ्यांना."

मी उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते. सकाळीच सर म्हणाले होते, आज सगळं नीट पार पडू दे. आणि मी, देवा, मी काय म्हणाले? मी म्हणाले, "त्या म्हणतायत, की तुम्ही लोक आमच्यासाठी येता याचं आम्हाला बरं वाटतं. बायांचं पुढेही सहकार्य राहील. बायांना काम जरा मोकळ्या हवेत मिळालं तर चांगलं."

टाळ्या पडल्या. एका बाईंनी तर अक्कांजवळ जाऊन त्यांचे हात हातात घेतले.

आणि अक्कांना मराठी कळत होतं. शुद्ध, अशुद्ध, सगळं. शेठशी, मास्तरांशी, तलाठ्याशी जन्मभर त्याच भाषेत त्यांचा व्यवहार. बोलताना फक्त आपली बोली सोडत नसत, एवढंच. माझा शब्द न् शब्द त्यांना कळला होता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता बोलतील, आता म्हणतील, ही पोर खोटं सांगते. मनातून, लाज वाटते सांगायला, पण मनातून मी म्हणत होते, बोला ना अक्का, एकदाचं फोडा. त्या खाली बसल्या. त्यांनीच अख्ख्या जीनला सांगितलं होतं ना, ही पोर आपली शे. चार परक्या माणसांत आपल्या पोरीला खोटं पाडायचं त्यांच्याने झालं नसेल.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये आम्ही दोघीच मागे. दोंडाईचा जवळ आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मांगून सांगशी ना वं त्यास्ले?" मी म्हटलं, "हो अक्का. सरांना एकट्याला गाठून सांगते. तिथे सगळ्यांसमोर बरं दिसलं नसतं." त्यांनी मान हलवली. जीप थांबली, त्या उतरल्या, मला 'यी जाजो', येत जा, म्हणाल्या आणि गेल्या.

मी सांगितलं नाही. मोठं काही कारण नाही हो. पाहुणे खूश होते, सर खूश होते, ऑर्डर आली. रोज सकाळी वाटायचं आज सांगू, आणि जितके दिवस जात तितकं ते अवघड होत गेलं. पुढे तर दोंडाईच्याला जायचं माझ्या जिवावर यायला लागलं. डोकं दुखतं सांगून मी प्रकल्पावरच्या दुसऱ्या मुलाला पाठवायचे.

अहवाल निघाला. धुळीचा बायांच्या श्वासावर म्हणण्याजोगा परिणाम आढळला नाही. निघणारच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुंकलेली फुंकणी दुसरं काय सांगणार? आभाराच्या पानावर अक्कांचं नाव होतं. शेठनी अहवालाची प्रत मागून घेतली. त्यांचं काय चुकलं? डॉक्टरांनी लिहून दिलं तर करतो म्हणाले होते, आणि डॉक्टरांनी उलटं लिहून दिलं. मुलगी यंत्रावरच राहिली.

पुढे दोन-तीन वर्षांनी सरांची बदली निघाली. आवराआवर करायला मी मदतीला होते. सरांच्या हातात कसलंसं पुस्तक होतं, त्यात वाचलेलं त्यांनी मला दाखवलं. कापसाच्या धुळीचा आजार सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त दिसतो. सर खुर्चीत बसून राहिले. "आपण दिवस चुकलो गं," म्हणाले. "एवढ्या बाया, एकीनेही कसं सांगितलं नाही? कुणीतरी सांगायला हवं होतं. मी पुन्हा सगळं केलं असतं." आणि केलं असतं त्यांनी, मला खात्री आहे. मी पुस्तकं खोक्यात भरत होते. भरत राहिले.

नव्वदीच्या मध्यावर मी जळगावला आले, दवाखान्यात समाजसेवेच्या कायम नोकरीवर. गोरगरीब रुग्णांचे कागद करून देणं, कुणाला कुठे पाठवायचं ते बघणं, हे काम. लोक म्हणायचे बाई फार मायाळू आहेत, कुणाला परत पाठवत नाहीत. माया कसली, डोंबलाची! रांगेतली प्रत्येक खोकणारी बाई मला धाक घालायची.

आणि दोन-तीन वर्षांनी एक दिवस ती आलीच. माझ्या टेबलासमोर एक बाई येऊन उभी राहिली, सत्तावीस-अठ्ठावीसची, पण खांदे वर उचलून श्वास घेणारी. चोपड्याकडचा पत्ता. एक वाक्य बोलायला तिला दोनदा थांबावं लागत होतं. मी फॉर्म ओढला, मान वर न करता विचारलं, काम काय करता? म्हणाली, जीन. लग्नाच्या आधी माहेरी जीन, आता सासरीही जीन. माहेर कुठलं? दोंडाईचा.

मी वर पाहिलं. तिने मला आधीच ओळखलं होतं, हसत होती. "तुम्ही त्या धुळानी बाई ना? फुंकणीवाली?"

मी विचारलं, अक्का कशा आहेत? "माय गयी," ती म्हणाली. मागच्या साली. दोनदा टीबीच्या गोळ्या झाल्या, टीबी नव्हताच. शेवटी शेवटी बसूनच झोपायची. कुणी भेटायला गेलं की जुन्या गोष्टी सांगायची.

"तुमनी गोट बहू सांगे," ती म्हणाली. थांबली, श्वास घेतला. "म्हने, ती पोर आपलासाठे भांडनी. मोठा मोठा डॉक्टर बसेल व्हतात, त्यास्ना तोंडवर बोलनी, का बाजारना दुसरा दिन या. त्यास्नीच ऐकं नही. तिना काही दोष नही." पुन्हा थांबली. "बठ्ठ्या बायास्ले तेच सांगे माय. कोनी तुम्हले नाव ठेवं तर चिडी जाये."

म्हणजे अक्कांनी मला झाकलं होतं. मरेपर्यंत. मी माघारी सांगेन म्हणून वाट पाहिली असेल, एक हंगाम, दोन हंगाम, आणि मग मी जे बोलायला हवं होतं ते माझ्या नावावर घालून बायांना सांगून टाकलं असेल. का, ते मला आजही सांगता येत नाही.

तेव्हा मला सगळं सांगता आलं असतं. टेबल सोडून उठायचं, तिचा हात धरायचा आणि म्हणायचं, बाई, मी भांडले नाही, तुझी आई बोलली आणि मी ते गिळलं, तू आज अशी उभी आहेस त्यात माझा हात आहे. आजूबाजूला दहा माणसं होती. असेनात का.

ती पाया पडायला वाकली. वाकताच तिचा दम तुटला, तशीच टेबलाची कड धरून राहिली. मी धावत जाऊन तिला सावरलं, बाकावर बसवलं, पाठीवरून हात फिरवत राहिले. श्वास जरा खाली बसल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. आपल्या छातीवर हात ठेवून लहान मुलीसारखं विचारलं, "भांडनी व्हती ना बाई तुम्ही? मनासाठे?"

मी म्हटलं, हो.